हॅरी पॉटरला बावीसपैकी किती?

बडोद्याच्या विद्यापीठात एम.ए. करणाऱ्या दोघी मैत्रिणींचा हा प्रश्न आहे. पंधरा मिनिटांच्या सादरीकरणासाठी त्यांनी हॅरी पॉटरला लॉर्ड रॅग्लन या ब्रिटिश अभ्यासकाच्या बावीस कलमांवर (म्हणजे पुराणातल्या वीरनायकाच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींवर) तपासलं. एकीची बेरीज सहा आली, दुसरीची अकरा. कोण बरोबर? आणि एवढी बेरीज करून 'हॅरी हा पुराणातल्या वीरांच्याच साच्यातला नायक' असं म्हणता येतं का?

सहा बरोबर. पण अकरा कसे आले हे समजून घेतलंत तर सादरीकरणाचा अर्धा ऐवज तिथेच मिळेल. बेरजेपेक्षा गुण कुठे पडले आणि कुठे गेले, यालाच खरी किंमत आहे.

रॅग्लनची यादी 1936 सालची. तिचे तीन गठ्ठे करून घ्या, म्हणजे डोक्यात राहते. कलम 1 ते 9 जन्म आणि बालपण: आई राजघराण्यातली कुमारिका, बाप राजा, दोघं जवळच्या नात्यातली, गर्भधारणा विलक्षण, मूल देवाचं अशी समजूत, जन्मताच मारण्याचा प्रयत्न (बहुधा बाप किंवा आईचा बाप करतो), मुलाला गुपचूप हलवणं, दूरदेशी पालक आईबापांकडे वाढणं, आणि बालपणाबद्दल आपल्याला काही न सांगणं. 10 ते 15 राज्य: वयात आल्यावर भावी राज्यात येणं, राजावर किंवा राक्षस, अजगर, श्वापदावर विजय, राजकन्येशी लग्न, राज्यारोहण, काही काळ बिनघोर राज्य, कायदे करणं. 16 ते 22 उतरण: देवांची किंवा प्रजेची मर्जी जाणं, गादी आणि नगर सोडावं लागणं, गूढ मृत्यू, तो बहुधा टेकडीच्या माथ्यावर, मुलं गादीवर न येणं, देहाचं दफन न होणं, आणि तरीही एक किंवा अनेक पवित्र समाध्या असणं. ग्रीक पुराणातला ईडिपस यात जवळजवळ पैकीच्या पैकी गुण घेतो. यादी अशाच नायकांवरून बेतलेली, त्यामुळे त्यात नवल नाही.

आता हॅरी. 6, 7, 8, 9 आणि 11 ही पाच कलमं पूर्ण मिळतात. सव्वा वर्षाचा असताना त्याच्यावर मारेकरी येतो (व्होल्डेमॉर्ट हा दुष्ट जादूगार), हॅग्रिड नावाचा अर्धराक्षस उडत्या मोटारसायकलवरून त्याला घेऊन जातो, तो मावशीच्या घरी वाढतो, आणि पुढच्या जवळजवळ दहा वर्षांवरून पुस्तक सरळ उडी मारतं. विजय तर एक सोडून अनेक आहेत. कलम 10 अर्धं, कारण तो 'राज्यात' येतो अकराव्या वर्षी, वयात येण्याच्या बराच आधी. कलम 18 अर्धं, कारण शेवटच्या पुस्तकात तो जंगलात मरणाला सामोरा जातो खरा, पण परत येतो. पाच अधिक एक, झाले सहा.

कलम 6 वर दोघींचं एकमत आहे, तरी सादरीकरणात कोणी तरी हटकेल: मारणारा ना बाप, ना आजोबा, मग गुण कसा? रॅग्लनने 'बहुधा' म्हटलं आहे, म्हणून गुण द्यायचा. कंस तरी कुठे बाप होता? तो मामा. बडोद्याच्या फत्तेसिंह संग्रहालयातलं रविवर्म्याचं 'कंसमाया' पाहिलं असेल तर हे कलम वेगळं समजावायला नको: मारणाऱ्याच्या हातून मूल निसटतं, आणि पुढची सगळी कथा त्या निसटण्यातून उगवते. फरक एवढाच, की तिथे अदलाबदलीने आणलेली मुलगी निसटते आणि खरा मुलगा आधीच यमुनेपार गेलेला असतो. हॅरीच्या बाबतीत आई मध्ये उभी राहते आणि तिचं मरणच मुलाचं कवच होतं. हॅरीची मावशी तर 'माय मरो पण मावशी जगो' या म्हणीची चेष्टा वाटावी अशी. मराठी श्रोत्यांसमोर हे एक वाक्य टाका, कलम 8 वेगळं शिकवायची गरज उरणार नाही.

मग अकरा कुठून आले? दुसरीने 10 आणि 18 ला पूर्ण गुण दिले, म्हणजे एक वाढला. शिवाय 4, 14, 16, 17 ही चार कलमं धरली. चारही चुका नेहमीच्या आहेत, म्हणून एकेक पाहू.

कलम 4 ला तिने भविष्यवाणीचा गुण दिला. भविष्यवाणी रॅग्लनच्या यादीत नाहीच. ती आहे मानसशास्त्रज्ञ ऑटो रँककडे, 1909 च्या वीरजन्माच्या आराखड्यात: गर्भधारणेच्या आधी किंवा दरम्यान स्वप्न किंवा आकाशवाणी होते, आणि ती बहुधा बापाला धोक्याची सूचना देते. दोन मोजपट्ट्यांची कलमं एकाच कागदावर मिसळली की बेरीज फुगते, आणि हे होतंच, कारण हल्लीचे बहुतेक सोपे तक्ते या दोघांची खिचडी असतात. हॅरीच्या गर्भधारणेत विलक्षण काही नाही. शून्य.

कलम 14 ला 'एकोणीस वर्षांनंतर' या शेवटच्या प्रकरणाचा गुण दिला आहे. व्रण एकोणीस वर्षं दुखला नाही, सगळं ठीक आहे. ठीक आहे, पण राज्य कुठे आहे? कलम 13 ला शून्य दिल्यावर 14 ला गुण देता येत नाही. कलमं साखळीने बांधलेली आहेत, हे विसरलं की असं होतं.

16 आणि 17 मध्ये क्रम चुकला. हॅरी लोकांच्या मनातून उतरतो हे खरं, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पुस्तकात तर ठळकपणे. सातव्यात तो रानोमाळ लपतही फिरतो. पण रॅग्लनच्या नायकाचं पतन राज्य मिळाल्यानंतरचं असतं. इथे ते विजयाच्या आधीचं आहे. त्याला उतरण म्हणत नाहीत, ती चढण आहे.

यावरून एक पद्धत ठरवून घ्या. बावीस ओळींचा तक्ता करा, रकाने पाच: कलम, मूळ मजकुरातला पुरावा (पुस्तक आणि प्रकरण), गुण (0, अर्धा, 1), शंका, आणि कोणत्या कलमावर अवलंबून. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तर गुण शून्य, मग मनाला कितीही पटत असो. दोघींनी वेगवेगळं भरा, एकमेकींचं न पाहता, आणि जिथे फरक पडतो तेवढीच कलमं चर्चेला घ्या. पुरावा फक्त पुस्तकातला. चित्रपटात हॅरी ती सर्वशक्तिमान छडी मोडून फेकून देतो. पुस्तकात तो तिने आपली जुनी मोडकी छडी दुरुस्त करतो आणि मग तिला डंबलडोर या आपल्या मुख्याध्यापकाच्या थडग्यात परत ठेवायचं ठरवतो. राजसत्ता नाकारणं दोन्हीकडे आहे, पण जात वेगळी. एक मोडतोड आहे, दुसरी परतफेड. कलम 13 वर बोलताना हा फरक लागणार.

गोष्ट तीच असली तरी ग्रंथ बदलला की गुण बदलतो, हे कृष्णाच्या कलम 21 वरून उत्तम दाखवता येतं. महाभारताच्या मौसलपर्वात अर्जुन बलराम आणि कृष्ण दोघांचे देह शोधून त्यांना अग्नी देतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात कृष्ण देह न जाळता स्वधामाला जातो. 'कृष्णाला किती?' असं कोणी विचारलं तर आधी 'कोणत्या ग्रंथातल्या कृष्णाला?' हे विचारा. आणि कृष्ण हा हॅरीचा फार जवळचा सोबती आहे, दोघींच्या लक्षात आलं नसेल तर सांगते: कंसाला मारून तो स्वतः गादीवर बसत नाही, उग्रसेनाला बसवतो. कलम 13 ला कृष्णालाही शून्य. म्हणून 'आधुनिक लेखकांना राजे नको असतात, म्हणून हॅरी राजा होत नाही' हे उत्तर अर्धवट आहे. गादी नाकारणारा वीर इथे फार जुना आहे. डाकोरला ज्याला रणछोडराय म्हणून पूजतात तो तर रण सोडून गेलेला आहे, आणि ते नाव लोक अभिमानाने मुलांना ठेवतात. रॅग्लनच्या यादीला हे पेलत नाही, कारण ती मुळात राजाच्या विधींवर बेतलेली आहे.

आता बेरजेवर विश्वास का ठेवू नये, त्याचा एक घरचा दाखला. सयाजीराव गायकवाड तिसरे यांना याच बावीस कलमांवर लावा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळराव नावाच्या मुलाला 1875 मध्ये बाराव्या वर्षी बडोद्यात आणून जमनाबाईंनी दत्तक घेतलं. भावी राज्यात येणं (वयात येण्याआधी, म्हणून हॅरीसारखंच अर्धं), राज्यारोहण, बिनघोर राज्य, आणि कायदे तर विचारूच नका, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासकट. युवराज फत्तेसिंहराव 1908 मध्ये वारले, 1939 मध्ये नातू प्रतापसिंहराव गादीवर आले, म्हणजे कलम 20 सुद्धा अक्षरशः लागू. कीर्तिमंदिराला, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकाला, समाधी मानून अर्धा गुण दिला तर पाच. हॅरीला सहा! (कवळाण्याचं बालपण कलम 8 मध्ये घालायचा मोह होईल. घालू नका, ते जन्मदात्या आईबापांचं घर होतं. कलम 11 पण नाही: आधीचे महाराज मल्हारराव यांना इंग्रजांनी दूर केलं होतं, मुलाने नव्हे.) लोकसाहित्याचे अमेरिकन अभ्यासक फ्रान्सिस ली अटली यांनी 1965 मध्ये हीच थट्टा पुढे नेली आणि अब्राहम लिंकनला बावीसच्या बावीस बसवून दाखवले. रॅग्लनला म्हणायचं होतं, की इतके गुण मिळवणारा माणूस इतिहासात नसतोच.

पण सयाजीरावांचे पाच आणि हॅरीचे सहा शेजारी मांडून बघा. सयाजीरावांचे बहुतेक गुण मधल्या गठ्ठ्यात, हॅरीचे पहिल्या गठ्ठ्यात. सामाईक कलम एकच, दहावं. बेरीज जवळजवळ सारखी, आकार अगदी निराळा. दत्तक राजाची हकीकत राज्यापासून सुरू होते, अनाथ जादूगाराची कथा राज्याच्या उंबरठ्यावर थांबते. तुमचा मुद्दा हा आहे.

याच रीतीने आणखी तीन नायक लावले की चित्र स्वच्छ होतं. कर्णाला पहिल्या गठ्ठ्यात भरपूर गुण: कुमारिका राजकन्या आई, सूर्य बाप, कवचकुंडलं, नदीत सोडणं, अधिरथ आणि राधा, जन्माचं गुपित. रँकने 1909 मध्ये कर्णाला आपल्या नायकांच्या यादीत घेतलं ते उगाच नाही. पण मधल्या गठ्ठ्यात तो घसरतो: अंगदेशाचं राज्य विजयाने नव्हे, दुर्योधनाच्या देणगीने मिळतं, आणि द्रौपदी दुसऱ्याकडे जाते. मराठी वाचकाला कर्ण का चटका लावतो याचं कारण या गुणपत्रकात दिसतं: साच्याने त्याला वीराचा जन्म दिला आणि वीराचा विजय रोखून धरला.

दुसरे दोघे एकाच कादंबरीतले. टॉल्कीनच्या 1954-55 च्या अंगठीच्या महाकथेत ('द लॉर्ड ऑफ द रिंग्ज') फ्रोडो आणि अॅरागॉर्न हे दोन नायक आहेत, आणि लेखकाने साचा त्या दोघांत वाटून टाकला आहे. अॅरागॉर्न दोन वर्षांचा असताना बाप मारला जातो, तो एल्रॉन्डच्या घरी दुसऱ्या नावाने वाढतो, विसाव्या वर्षी खरं कूळ कळतं, विजय, एल्रॉन्डची मुलगी, राज्य. 7 ते 14 जवळजवळ सलग. कलम 20 मात्र नाही, त्याचा मुलगा एल्डॅरियन गादीवर येतो. फ्रोडोला राज्य नाही, राजकन्या नाही, पण उतरण आहे: न भरणारी जखम, घरी परतूनही घर न उरणं, आणि शेवटी जहाजातून पश्चिमेला निघून जाणं. मूल नाही, दफन नाही. म्हणून ती कथा वाचून एकाच वेळी अभिषेक आणि निरोप असं दोन्ही वाटतं. 'यातला खरा नायक कोण?' हा परीक्षेतला लाडका प्रश्न मग निकामी होतो.

पुराणकथांचा अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्बेल याचा वीराच्या प्रवासाचा सतरा टप्प्यांचा आराखडा (1949, म्हणजे तुमच्या विद्यापीठाच्या स्थापनेचं साल) वापरावा का, हाही उपप्रश्न होता. वापरा, पण एक लक्षात ठेवा: कॅम्बेल प्रस्थानापासून परतीपर्यंत मोजतो. रॅग्लनचा पाळणा आणि समाधी दोन्ही त्याच्या बाहेर. त्यामुळे रॅग्लनकडे सहा गुण घेणारा हॅरी कॅम्बेलकडे चांगला वाटतो, आणि लोक म्हणतात बघा, बसला की. बसणारच, जिथे तो कच्चा होता तो भाग आराखड्यातच नाही.

इथली सर्वांत मोठी चूक एककाची. एक पुस्तक धरायचं की सातही? बहुतेक जण साहसाच्या हाकेचा टप्पा पहिल्या पुस्तकातून घेतात, तिमिंगलाचं पोट दुसऱ्यातून, पित्याशी समेट तिसऱ्यातून, पलायन सातव्यातून. अशा वेचावेचीने कुठलीही मालिका कुठल्याही आराखड्यात बसते. सातही घ्यायची असतील तर टप्पे क्रमाने यायला हवेत. एकच घ्यायचं असेल तर तिसरं घ्या, कारण पित्याशी समेटाचा टप्पा तिथे फार सुंदर आहे: तळ्याकाठी आपल्याला वाचवणारा बाप दिसला असं हॅरीला वाटतं, आणि त्याच जागी पुन्हा उभं राहिल्यावर त्याला कळतं की तो बाप नव्हता, तो स्वतः होता.

दुसरी चूक 'हाकेला नकार'. हॅरी नकार देत नाही. पत्रं फाडतो, दारं ठोकून बंद करतो, कुटुंब घेऊन बेटावर पळतो तो मावशीचा नवरा. नकार नायकाकडून पालकाकडे सरकला आहे, आणि मुलांच्या कथेत तो तसाच सरकतो, कारण घर सोडायला मूल नव्हे, घर तयार नसतं. 'दोन्ही जगांचा स्वामी' या टप्प्यालाही गुण देऊ नका. दर उन्हाळ्यात तो त्याच घरी परत येतो, पण तिथे काही घेऊन येत नाही. मावशीच्या घराला सात वर्षांत त्याच्या पराक्रमातलं फारसं काही मिळत नाही.

रशियन लोककथा-अभ्यासक प्रॉपला (1928) फक्त एका गोष्टीसाठी आणा, व्रणासाठी. त्याच्या एकतीस कार्यांत (म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या ठराविक घटनांत) सतरावं म्हणजे लढाईत नायकाला खूण पडणं, आणि सत्ताविसावं म्हणजे त्या खुणेवरून ओळख पटणं. हॅरीला खूण पडते कथा सुरू होण्याआधी आणि पहिल्याच भेटीत जो तो कपाळाकडे बघतो. म्हणजे जी ओळख शेवटी पटायची ती आरंभालाच पटलेली. प्रॉपचा आग्रह होता की क्रम बदलत नाही. इथे तो बदलला आहे, आणि हॅरीची निम्मी अडचण त्यातूनच आहे: स्वतःला कळायच्या आधी तो जगाला माहीत आहे. मराठी माणसाला कपाळावरच्या जखमेवरून आठवतो तो मात्र अश्वत्थामा, नर्मदेकाठी शूलपाणीच्या झाडीत जखमेसाठी तेल मागत फिरणारा. नायकाची खूण आणि शापिताची खूण एकाच जागी. हॅरीच्या व्रणात शत्रूच्या आत्म्याचा अंश आहे हे सातव्या पुस्तकात कळतं, तेव्हा ही आठवण फार दूरची वाटत नाही.

पंधरा मिनिटांची वाटणी अशी करा: दोन मिनिटं कलमं, चार मिनिटं हॅरीचा तक्ता आणि सहा-अकराचा वाद, चार मिनिटं सयाजीराव, कर्ण, फ्रोडो, अॅरागॉर्न यांचे आकार, तीन मिनिटं कॅम्बेल आणि व्रण, दोन मिनिटं प्रश्नांना. पाचही गुणपत्रकं एकाच पानावर, बावीस चौकोनांच्या पाच आडव्या पट्ट्या, गुण मिळाला तिथे काळा, अर्धा तिथे राखाडी. बेरजा त्या पानावर लिहू नका. श्रोते बेरीज वाचतात आणि पट्ट्या बघायचं सोडतात. 'साच्यातला आहे का?' असं विचारलं तर सांगा, पहिल्या नऊ कलमांतल्या चारांत आहे, मधल्या सहांतल्या दीड कलमात, आणि शेवटच्या सातांत अर्ध्या. कोणी चित्रपटातली मोडलेली छडी काढलीच, तर मौसलपर्व आणि अकरावा स्कंध हाताशी ठेवा.